खुनी पहिल्या ओळीत

तुम्ही हसाल, पण त्या सकाळी माझा चहा हातातच गार झाला होता. माझी पहिलीच कादंबरी, दूरच्या सोन्याच्या खाणीवरच्या वस्तीतली खुनाची रहस्यकथा. संध्याकाळी अंबाजोगाईत प्रकाशन, आणि माझ्याच पेपरात मथळा: ‘खाणीच्या डॉक्टरनेच केला मुकादमाचा खून, कादंबरीचे आज प्रकाशन’.

बातमी देणाऱ्या आमच्या केजच्या वार्ताहराला फोन लावला. “कामून रे, खुनी सांगून टाकलास?”

“सर, तुमीच शिकवलं की. मेन गोष्ट पहिल्या ओळीत पायजे.”

“अरे, ते बातमीत.”

“मग ही बातमीच हाय न्हवं?”

आता पुस्तक कोण घेणार, या धास्तीनंच सभागृहात शिरलो. पण कार्यक्रम संपला आणि विक्रीच्या टेबलावर झुंबड उडाली. मला राहवेना. एका किराणा दुकानदाराला विचारलं, “आजचा पेपर वाचला नाही का?”

“वाचला की साहेब, म्हणून तर घ्यायलोय. पेपरात डॉक्टर छापलाय म्हंजे खुनी दुसराच कुणीतरी असणार.”

उभी हयात पेपरात घालवलेल्या माणसाला त्यानं हे तोंडावर सांगितलं, आणि वर सहीसाठी पुस्तक पुढं केलं.