वास गेला का?

मथुराबाई : पुन्हा लाव. जरा दम धरून लाव.

पूनम : लावलं की, आत्या. जवळ घेतलं की मान फिरवते. हे बघा, कडू चाखल्यासारखं तोंड करते.

मथुराबाई : सकाळपासनं एक घोट बी न्हाय?

पूनम : पहाटे अंधारात प्याली, तेवढंच.

मथुराबाई : आता उन्हं कलली की गं. आन तू मला आत्ता सांगतीस?

पूनम : तुम्ही शेरडं घेऊन माळाला गेलेल्या. मला वाटलं, घेईल थोड्या वेळानं. पोट दुखत असेल.

मथुराबाई : दुपटं ओलं केलंय का?

पूनम : सकाळी केलं होतं. नंतरची सगळी कोरडी आहेत.

मथुराबाई : आण हिकडं तिला. ये गं माझी सई. बघ, माझ्याकडं आली की गप झाली.

पूनम : तेच तर. तुमच्याकडं गप्प बसते, माझ्याकडं आली की किंचाळते. दोन महिन्यांची आहे, आणि तिला मी नकोय.

मथुराबाई : काय बी बोलू नको. मल्हारला फोन केलास?

पूनम : केला. गाडी घेऊन माढ्याला माल टाकायला गेलेत. यायला रात्र होईल म्हणाले. मग डॉक्टरबाईंना केला. ऊन उतरायच्या आत प्याली नाही, दुपटं भिजवलं नाही, तर तशीच उचलून मंद्रूपला आणा म्हणाल्या. रिक्षावाल्या कल्लप्पांना यायला सांगितलंय.

मथुराबाई : दृष्टच हाय ही. मगाशी मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या, तर वास म्हणून उठला न्हाय.

पूनम : उठला होता, आत्या. मला ठसका लागला. तुमचं नाक तपकिरीनं गेलंय.

मथुराबाई : व्हय, ते कवाच गेलं. शेण काय आन मोगरा काय, मला सारखंच. मंग असं करू, शेळीचं दूध कोमट करते. कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब सोडू.

पूनम : नको. दुसरं काही देऊ नका म्हणाल्यात डॉक्टरबाई.

मथुराबाई : मंग उपाशी ठेवू काय पोरीला? अगं, आज चिमी शेळी बी तुझ्या हातचा पाला खाईना. एरवी तुझा पदर सोडत न्हाय ती. शेळी बिघडली, पोरगी बिघडली. घरात काय तरी शिरलंय बघ. मला भ्या वाटाया लागलंय, पूनम.

पूनम : आत्या.

मथुराबाई : काय?

पूनम : घरात काही शिरलेलं नाही. मी अत्तर लावलंय.

मथुराबाई : कसलं अत्तर?

पूनम : परवा कुरियरनं बोटभर बाटली आली होती ना, ते. सकाळी लावलं. मनगटाला, आणि इथं गळ्याखाली.

मथुराबाई : गळ्याखाली? पोरगी तोंड घालती तितं?

पूनम : तिथं अंगाची ऊब असते, वास चांगला फुलतो. पुण्याच्या एक बाई घरीच बनवतात. त्यांनी नमुना पाठवला होता. लावायचं, दिवसभर अंग धुवायचं नाही, आणि सांगायचं, सुरुवातीला कसा वाटतो, दुपारी कसा होतो, किती वेळ टिकतो. लग्नाआधी सोलापुरात अत्तराच्या दुकानात मी हेच करायचे की. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं. मला बरं वाटलं.

मथुराबाई : वास कसला हाय?

पूनम : आधी संत्र्याच्या सालीसारखा आंबट. तो लगेच उडाला. मग धूर, कमावलेलं कातडं, जळलेली राळ. ते मात्र बसलंय ते बसलंयच. चांगलं अत्तर आहे, आत्या. असलं टिकणारं मी कधी लावलं नव्हतं. आणि आता त्याचीच धास्ती वाटते.

मथुराबाई : तुला हे कवा उमगलं?

पूनम : दुसऱ्यांदा तोंड फिरवलं तेव्हाच शंका आली. ओल्या फडक्यानं गळा पुसून पाहिला, तरी घेईना.

मथुराबाई : आन मला मिरच्या उतरू दिल्यास.

पूनम : सांगायची भीती वाटली. लेकरू उपाशी आणि आई अत्तर लावून बसलीय, असं सगळे म्हणतील. यांच्या कानावर जाईल. आणि तुम्ही...

मथुराबाई : मी काय?

पूनम : तुम्ही तिला माझ्याकडून काढून घ्याल.

मथुराबाई : आता रडत बसू नको. मोरीत जा. हंड्यात पानी तापलंय. सगळं अंग घासून काढ.

(पूनम लेकीला सासूकडेच ठेवते आणि मोरीत शिरते. दाराला कडी घालत नाही. सईच्या रडण्यातला एक सूरही चुकायला नको असतो तिला. बाहेर मथुराबाई ओसरीवर येरझारा घालते आणि आतून तांब्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहतो.)

मथुराबाई : झालं? घे तिला. सावकाश.

पूनम : ये बाळा. ये, घे. घे की गं. आत्या, बघा, परत तसंच.

मथुराबाई : आवाज बी बसला पोरीचा. वास गेला का न्हाय तुझा?

पूनम : मला कळत नाही.

मथुराबाई : कळत न्हाय म्हंजे? जलमभर वास घ्यायचंच काम केलंस की तू.

पूनम : दिवसभर तोच वास नाकात आहे. नाक सरावलंय. अंगावर अजून असला तरी मला येणार नाही.

मथुराबाई : तुला न्हाय, मला न्हाय. मंग सांगायचं कुणी?

पूनम : तिनंच.

मथुराबाई : आगं, ते दोन महिन्यांचं लेकरू.

पूनम : घरात नाक तेवढं तिचंच शाबूत आहे. थांबा, मी चुकले. राळेचा वास साबणानं निघत नाही, तेलानं सुटतो. खोबरेल कुठं आहे?

मथुराबाई : फळीवर. डाळीचं पीठ बी घे. आधी तेल जिरव, मंग पिठानं खरवडून काढ. अंगावरची साडी तितंच टाक. उशी बी नको, दुपटी बी नकोत. तुझ्या ट्रंकेतलं काय सुदिक नेसू नको.

पूनम : मग नेसू काय?

मथुराबाई : माझं लुगडं घे दांडीवरचं. कालपासनं अंगावर होतं, शेरडांचा वास मारत असंल.

पूनम : मारू दे.

मथुराबाई : हळू घास की गं. कातडं सोलून काढतीस का काय?

पूनम : निघत नसलं तर, आत्या? रात्रीपर्यंत बसलं तर?

मथुराबाई : कल्लप्पाची रिक्षा आली बघ. कल्लप्पा, थांब रं जरा, आलोच. पूनम, एकदा लाव. आन निघू.

पूनम : माझे हात तेलानं निसरडे झालेत.

मथुराबाई : मी धरते तिला. तू नुसती बस. पदर घे तिच्या तोंडावरनं. हां.

पूनम : तिनं नाक खुपसलं.

मथुराबाई : बोलू नको.

पूनम : परत रडणार ती. मला माहितीय, परत...

मथुराबाई : गप.

पूनम : आत्या.

मथुराबाई : व्हय. पितीया. डोळं मिटून पितीया बघ.

पूनम : ओढतेय जोरात. दुखतंय.

मथुराबाई : दुखू दे. पोट भरू दे तिचं. मंग तशीच रिक्षात बस, डॉक्टरबाईला दावून येऊ. मल्हारला मी सांगते काय सांगायचं ते.

पूनम : आत्या, ती तुमच्या लुगड्याच्या वासाला प्याली. माझ्या नाही.

मथुराबाई : असंल.

पूनम : उद्या माझ्या साडीत तोंड लावलं नाही तर?

मथुराबाई : उद्या बी हेच नेस.

पूनम : आणि परवा?

मथुराबाई : परवा बी नेस. मला दुसरं हाय.