घरत सरांचं पडद्यावरचं मिठागर

बसा, सगळे बसून घ्या. मागे ज्यांना खुर्ची मिळाली नाही, त्यांनी कॉम्प्युटरच्या टेबलांवर टेकलं तरी चालेल. एरवी सरांना ते चालायचं नाही. आज आपण चालवून घेऊ.

मंडळी, मला बोलता येईल असं वाटत नव्हतं. मी सुनंदावहिनींना तसं सांगितलंही. म्हटलं, वहिनी, मी उभी राहीन आणि नुसती रडेन. तर त्या म्हणाल्या, "रडणारे घरी पुष्कळ येऊन गेले. तुम्ही त्यांच्या गमती सांगा. ते गेल्यापासून मला कोणी हसवलेलं नाही." आता नवरा गेलेली बाई असं म्हणते, तेव्हा माझ्या रडण्याला काय अर्थ आहे? तेव्हा मी गमतीच सांगणार आहे. मध्येच थांबले तर जरा सांभाळून घ्या.

गावाकडून आलेल्या मंडळींना कदाचित ठाऊक नसेल, आमचे घरत सर या खोलीत नक्की काय शिकवायचे. खाली चष्म्याचं दुकान, समोर एसटी स्टँड, आणि वर ही खोली. बाहेर पाटी होती, अ‍ॅनिमेशन क्लास. त्या काळी वेबसाइटवर जे काही हलायचं, नाचायचं, उडायचं, ते बहुतेक फ्लॅशमध्ये केलेलं असायचं. आणि त्या चित्रांनी काय करायचं हे सांगायला अ‍ॅक्शनस्क्रिप्ट नावाची भाषा होती. चेंडू, तू खाली पड. बटण, तुला कोणी दाबलं तर दार उघड. इतकंच. पण चित्रं ऐकायची नाहीत. चेंडू वर जायचा. दार उघडायचं नाही. चित्रं ऐकत नाहीत तेव्हा काय करायचं, हे सर शिकवायचे. खरं तर तेवढंच शिकवायचे. बाकी सगळं पुस्तकात आहे म्हणायचे.

मी रोडपालीहून यायची. तिशी ओलांडलेली, मुलगी शाळेत, आणि वर्गात सगळी कॉलेजची पोरं. पहिल्याच आठवड्यात माझं बटण दाबलं जाईना. मी दाबतेय, दाबतेय. मला वाटलं माउस बिघडला. सर मागे येऊन उभे राहिले. हात पाठीमागे. विद्यार्थ्याच्या माउसला त्यांनी कधी हात लावला नाही. म्हणाले, "ताई, बटणाला नाव दिलंत?"

"दिलंय की सर. हे बघा."

"ते पेटीतल्या बटणाला दिलंय. पडद्यावर जे उभं आहे, त्याला दिलंय का?"

मला काही कळेना. मग सर वळले आणि ती आरोळी आली, जी इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. सांगा बरं कोणती?

बरोबर. "खुर्च्या मागे! उभे राहा!"

ही सरांची पद्धत. चूक सापडत नसली की कीबोर्ड सोडायचा आणि सगळा प्रोग्राम आपणच करायचा. अंगानं. एकानं सूचना मोठ्यानं वाचायच्या, बाकीच्यांनी चेंडू व्हायचं, बटण व्हायचं, दार व्हायचं. वाचलं तेवढंच करायचं, मनाचं काही करायचं नाही. त्या दिवशी मी वाचत होते आणि इम्रान बटण झाला होता. मी हाक मारली, इम्राननं ओ दिली नाही. पुन्हा मारली, नाही. मी चिडून म्हटलं, अरे, तुलाच बोलावतेय! तर इम्रान सरळ चेहऱ्यानं म्हणतो, "मॅडम, नाव हजेरीपटावर आहे. मी इथं उभा आहे तो कोण, हे कुठं कोणी सांगितलंय?"

तेव्हा कळलं, पेटीत साठवलेल्या चित्राला नाव देऊन भागत नाही, पडद्यावर आणून उभं केलेल्याला वेगळं नाव द्यावं लागतं. आणि जे कळलं ते आजवर विसरले नाही.

इम्रान, तू हसू नकोस. तुझी पण सांगते.

इम्रानच्या मामांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान. त्यांना हौस आली, पत्रिका इंटरनेटवर टाकायची. कळंबोलीचं एक लग्न होतं. इम्राननं सुरेख केलं होतं. नवरी येते, मान खाली घालते, नवरा हार घालतो, फुलं पडतात. आणि फुलं पडली की नवरी पुन्हा येते. पुन्हा मान खाली. पुन्हा हार. पुन्हा फुलं. शेवटच्या फ्रेमवर, म्हणजे शेवटच्या चित्रावर, थांब म्हणून सांगायचं राहिलं होतं. तिकडून मुलीच्या वडिलांचा फोन. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "इम्रान, किती वेळा लग्न लावशील बिचाऱ्यांचं? नवरा दमला रे."

आमच्या या कवायतीचा खाली आवाज जायचा. एकदा दुकानाचे मालक वर आले. आम्ही दहा-पंधरा जण पाऊस होऊन खाली पडत होतो. अक्षरशः जमिनीवर. ते दारातच थांबले. म्हणाले, "घरत, तुम्ही कॉम्प्युटर शिकवता की मुलांना भुतं लावता? माझ्या काचा हलतात." सर म्हणाले, "तुम्ही पण या. आम्हाला एक ढग कमी पडतोय." आणि ते आले, बरं का! चष्मा काढून ठेवला आणि ढग झाले. ते बघा, तिथं बसलेत.

हे सगळं आनंदाचं. पण सरांना एक काळजी होती, आणि ती मला आज सांगायची आहे.

सर मिठागरवाल्यांच्या घरातले. उलव्याच्या पलीकडे त्यांचं गाव. आई, म्हणजे या समोर बसल्या आहेत त्या, आणि वडील, दोघांचं आयुष्य मिठागरात गेलं. तिथं आता भराव पडला आहे. सरांनी फार वर्षांपूर्वी, क्लास नवा असताना, फ्लॅशमध्ये एक खेळ केला होता. मिठागराचा. उघाडीवर, म्हणजे बांधातल्या त्या पाण्याच्या दारावर, क्लिक करायचं. भरतीचं पाणी आत येतं. एका वाफ्यातून दुसऱ्यात जातं. ऊन पडतं. पाणी आटतं, मीठ धरतं. गावच्या शाळेत तो खेळ मुलं खेळायची. कारण बाकी दाखवायला काही उरलं नव्हतं. मीठ पुडीतून येतं असंच मुलांना वाटायचं.

आणि मग फ्लॅश बंद पडायला लागलं. नवे ब्राउझर ते दाखवेनात. शाळेतल्या कॉम्प्युटरवर मिठागराच्या जागी एक करडा चौकोन दिसायला लागला. सर तोवर आजारी पडले होते. त्यांनी आम्हा जुन्या मुलांना घरी बोलावलं. स्वतःच्या आजाराबद्दल अवाक्षर नाही. एवढंच म्हणाले, "माझा क्लास गेला तरी चालेल. मिठागर दोनदा बुजवलं जाऊ नये."

तेव्हापासून रविवारी आम्ही त्यांच्या उलव्याच्या घरी जमायला लागलो. इम्रान, मी आणि आमच्याच वर्गातली अश्विनी. जुन्या फ्लॅशचं सगळं नव्या भाषेत लिहायचं. सर पलंगावर, आम्ही खाली सतरंजीवर, वहिनींचा चहा चालूच.

पहिल्यांदा चाललं तेव्हा आईंना दाखवलं. उघाडीवर क्लिक केलं, आणि पापणी लवायच्या आत पांढरी रास तयार. झालं होतं असं की सरांनी जुन्या खेळात वेळ फ्रेम मोजून धरला होता. जुनं फ्लॅश सावकाश चालायचं, नवं यंत्र भराभर फ्रेम टाकतं. आईंनी पडद्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "एवरं बेगीन मीठ व्हतंय? मंग आमी काय येडे होतो काय, उनात पाय भाजायला?"

सर इतके हसले की वहिनी पाणी घेऊन धावल्या.

ते दुरुस्त केलं. फ्रेमवर नको, घड्याळावर चाल असं खेळाला सांगितलं. छान चाललं. मग दुसऱ्यांदा उघाडी उघडली, तर पाणी दुप्पट वेगानं. तिसऱ्यांदा त्याहून जोरात. चौथ्यांदा सगळे वाफे भरून पाणी पडद्याबाहेर. आणि मुलं तर एकदा क्लिक करून थांबणारी नसतात, तुम्हाला माहीत आहे. शाळेत लावलं असतं तर पहिल्याच तासाला मिठागर बुडालं असतं. आम्ही कितीतरी वेळ त्या कोडकडे बघत बसलो. प्रत्येक ओळ बरोबर. इम्रान म्हणाला, "सर, ये तो भूत है."

सर पलंगावरून म्हणाले... आवाज बारीक झाला होता, पण म्हणाले, "खुर्च्या मागे."

वहिनी म्हणाल्या, "अहो, आता? या अवस्थेत?"

"मला कुठं उठायचंय? मी सूर्य होतो. सूर्य पडून राहिला तरी चालतो."

तर असं ठरलं. सर सूर्य. आई उघाडी. त्या खुर्चीवर बसल्या, हात वर केला की दार उघडलं. मधे एक परात, तो वाफा. वहिनी टाळ्या वाजवणार, तो घड्याळाचा ठोका. मी वाचणार. इम्रान आणि अश्विनी पाणी. प्रत्येक टाळीला वाटीतलं एक चमचा पाणी परातीत.

आईंनी हात वर केला. इम्रान उठला. टाळी, चमचा. टाळी, चमचा. सगळं शांत, बरोबर. मग दार बंद, आणि आईंनी दुसऱ्यांदा हात वर केला. कोडमध्ये लिहिलं होतं, नवं पाणी सोड. अश्विनी उठली. टाळी, तिचा चमचा. आणि इम्रानचाही चमचा. तो अजून ओततच होता! तिसऱ्यांदा हात वर झाला तेव्हा आणखी कोणी नव्हतं, म्हणून दारात आलेल्या शेजारच्या काकूंना मी वाटी दिली. आता टाळीला तीन चमचे. परात भरली. सतरंजी भिजली. वहिनी टाळ्या वाजवताहेत आणि ओरडताहेत, "अहो, माझी सतरंजी!"

"थांबा," सूर्य म्हणाला. "इम्रानला बस म्हणून कोणी सांगितलं?"

मी कोड पाहिला. वरपासून खालपर्यंत पाहिला. कोणीच सांगितलं नव्हतं.

इम्रान म्हणाला, "मुझे किसीने बोला ही नहीं, सर. मी ओतत राहिलो."

मंडळी, ही चूक आम्हीच करू शकत होतो. नव्या मुलांनी केली नसती. कारण आम्ही फ्लॅशवर वाढलो. फ्लॅशमध्ये पुढच्या फ्रेमवर गेलं की मागचं चित्र आपोआप पडद्यावरून उतरायचं, आणि उतरताना आपलं काम बरोबर घेऊन जायचं. त्याला जा म्हणून सांगावं लागत नसे. आम्हाला ती सवय. नव्या भाषेत आपण होऊन कोणी जात नाही. ज्याला कामाला लावलं, त्याला थांबवायचंही आपणच. दार उघडताना आधी जुन्या पाण्याला थांबव, मग नवं सोड. एवढी एक ओळ. अश्विनीनं लिहिली. आईंनी पडद्यावरची उघाडी पुन्हा पुन्हा दाबली, मुद्दाम, खोडसाळपणे. पाणी आपलं संथ.

मग आम्ही शाळेत गेलो. सर ऐकेचनात, येणारच म्हणाले. गाडीत त्यांना मागे रेलून बसवलं, आई पुढे. रस्ताभर बांधकामाची धूळ, डंपर. सरांनी काच खाली करायला लावली. मिठागर होतं तिथून जाताना आई एवढंच म्हणाल्या, "हितंच व्हतं," आणि गाडी पुढे गेली.

शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत मुलं आधीच गर्दी करून बसली होती. एका मुलीनं माउस पकडला आणि जे व्हायचं तेच. क्लिक, क्लिक, क्लिक, क्लिक. मी डोळे मिटून घेतले. इम्राननं माझा दंड धरला. पण पाणी आलं ते शहाण्यासारखं आलं. एका वाफ्यातून दुसऱ्यात. मुलांनाच धीर निघेना. "सर, अजून किती वेळ?" सर म्हणाले, "जरा ऊन लागू दे." आणि मग एका कडेनं पांढरं दिसायला लागलं.

ती मुलगी वळून म्हणाली, "सर, असं खरंच असतं?"

सर म्हणाले, "मला काय विचारतेस? मी नुसतं चित्र काढलंय. ही माझी आई. हिनं केलंय. तिला विचार."

सगळी पोरं उठली आणि आईंभोवती. आजी, पाणी खारट लागतं का? आजी, मीठ पायाला चावतं का? आईंनी चप्पल काढली आणि पाऊल पुढे केलं. म्हणाल्या, "हात लावून बग. कसं दगडावानी हाय." एकेक जण हात लावायला लागला. "ए, ए! गुदगुल्या नको रं करू, म्हातारी पडंल खाली!" खोलीभर हसू.

आमचा अजून खेळाचा दुसरा भाग दाखवायचा होता. रास भरायचा, गोणी शिवायचा. फार मेहनत घेतली होती त्याच्यावर. पडदा चालू होता आणि त्याच्याकडे एकही मूल बघत नव्हतं. इम्रान त्यांना हाक मारायला निघाला. सरांनी त्याचा हात धरला. म्हणाले, "राहू दे." आणि भिंतीला टेकून त्या घोळक्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. तो मला आज तुम्हाला दाखवता आला असता तर मी इतकं बोलले नसते.

त्या शाळेतल्या बाईंचा परवा फोन आला होता. खेळ चालतो आहे. ज्या वर्गाला दाखवतात तो वर्ग पुढे एकच विचारतो, आजी कुठं राहते? म्हणून आई दर शनिवारी शाळेत जायला लागल्या आहेत. सरांच्या आजारपणातही जायच्या, सरच पाठवायचे. काल मी त्यांना विचारलं, आई, या शनिवारी राहू दे का? मी कळवते शाळेला. त्या म्हणाल्या, "नाय गो. पोरं वाट बगतील. मी जातंय."

सर, तुमच्या सगळ्या पोरांचा तुम्हाला नमस्कार.

आता आपण सगळे उभे राहू या, आणि थोडा वेळ काही बोलायचं नाही. आई, तुम्ही मात्र उठू नका. तुम्ही बसूनच राहा.