आधी दार वाजवा

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या शिक्षिकेने ठणका विसरून कान टवकारले. मागच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या.

"ताई, तुझी परदेशी सून रुळली का गं?"

"रुळतेय कसली! पहिल्याच आठवड्यात म्हणाली, 'आई, माझ्या खोलीत येताना दार वाजवा.' माझ्याच घरात मी दार वाजवू?"

"अगंबाई! मग?"

"दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्याच खोलीला आतून कडी बसवून दिली. म्हणाली, 'तुम्हीही लावून बघा.'"

"लावलीस?"

"छत्तीस वर्षांत पहिल्यांदा! पाय पसरून अख्खं मासिक वाचलं. बाहेर हे ओरडतायत, 'अगं, माझा चष्मा कुठंय?' तर सून म्हणते, 'बाबा, आधी दार वाजवा!'"

"दाजींनी वाजवलं?"

"वाजवलं की! मी उघडलंच नाही."

कंपाउंडरने शिक्षिकेचा नंबर पुकारला. तिने शेजारच्या आजोबांनाच पुढे पाठवलं.

"आता मुलगा म्हणतोय, तुमचं दोघींचं पटत नाही, आम्ही वेगळं घर बघतो."

"अरे देवा! मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, खुशाल बघ. जाताना बाबांनाही घेऊन जा. आम्ही दोघी इथंच राहतो."