गांगुर्डे सरांची गोणपाटाची भिंत

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. बोलायला उभी राहिले खरी, पण मघापासून शब्द सापडत नाहीत. रडू कमी आहे, राग जास्त आहे. सांभाळून घ्या.

मी सुनंदा, गांगुर्डे सरांची विद्यार्थिनी. आता देवळ्याला चित्रकला शिकवते. याच हॉलमध्ये सरांनी आमच्याकडून चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेसाठी कागदावर मडकी घोटून घेतली. परीक्षा संपली की म्हणायचे, मडकी झाली, आता चित्र काढू. मग पंचवटीच्या भाजीबाजारातून फाटकी पोती आणायचे. दाभण, सुतळी, डांबर. त्यातून व्यासपीठामागची ही अख्खी भिंत भरली.

लोक हसले. कुणी म्हणालं, महायुद्धानंतर युरोपात असलं सगळं करून झालंय, ही नक्कल आहे. सर शांतपणे म्हणाले, "त्यांनी गोणपाट युद्धानंतर हातात घेतलं. आमच्या घरात ते आधीपासून पाठीवर होतं." सरांचे वडील हमाल होते, मित्रहो.

भिंत बघायला बाजारातले हमालही आले होते. त्यातले दगूभाऊ जवळ गेले, शिवण बोटानं ओढून पाहिली आणि म्हणाले, "सर, ही शिवण कच्ची हाय. माल भरला तर उसवंल."

सर रागावले? छे. सगळी शिवण उसवली आणि दगूभाऊंकडून शिकून पुन्हा घातली. इतक्या वर्षांत एक टाका निघालेला नाही. स्वतःला जाणकार म्हणवणाऱ्यांपैकी कुणी तेवढं जवळ जाऊन पाहिलं?

मघाशी संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, सर काळाच्या पुढे होते. साहेब, माफ करा, सर पुढेबिढे नव्हते. इथेच होते. आपणच तोंड फिरवून बसलो. आणि पुढच्या आठवड्यात ते काम उतरवून तिथे घाटाचं निसर्गचित्र लावायचं ठरलंय, हे तुम्ही भाषणात सांगितलं नाहीत. म्हणून मी सांगते. ते उतरणार नाही. मी इथे येऊन बसेन. एकटी असले तरी बसेन.

आज तर त्यावर पांढरा पडदा टाकलाय. शोकसभेत काळं बरं दिसत नाही म्हणे.

सरांचा फोटो आहे तिथेच राहू द्या. पडदा मी काढते आहे. आता दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. फक्त मान खाली घालू नका आणि डोळे मिटू नका. भिंतीकडे बघा.