बॅटरीवरचं मेण

मेकॅनिक: पुन्हा एकदा स्टार्ट करा, वहिनी. हं. आता ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरा.

वहिनी: धरलाय. काय म्हणतं तुमचं मीटर?

मेकॅनिक: साडेबारा व्होल्ट. इंजिन चालू झालं की आकडा चौदाच्या आसपास चढायला हवा. हा जागचा हलत नाही. करा बंद. गाडी बॅटरी चार्जच करत नाहीये.

वहिनी: म्हणजे डॅशबोर्डवरचा तो लाल दिवा खरं बोलत होता. जावईबापू म्हणाले, रविवारी गिऱ्हाईक गाडी बघायला येतंय, त्याआधी एवढं करून घ्या.

मेकॅनिक: दिवा कधीपासून लागतोय?

वहिनी: हे वारले त्या आठवड्यापासून. आठ महिने झाले.

मेकॅनिक: तेव्हापासून गाडी उभीच असेल.

वहिनी: छे हो. रोज शाळेत शिकवायला जाते ना मी. एक दिवस खाडा नाही.

मेकॅनिक: कसं शक्य आहे? ही वायर बघा, आल्टरनेटरकडून बॅटरीकडे जाणारी. पार तुटलीय, टोकं हिरवी पडलीत. ही काल-परवा तुटलेली नाही. अशा गाडीनं आठवड्या-दोन आठवड्यांत मान टाकायला हवी होती.

वहिनी: बॅटरी दमदार असेल.

मेकॅनिक: कितीही दमदार असू दे, खर्च झालं ते कुणीतरी भरावं लागतं. घरी चार्जर आहे?

वहिनी: यांचा आहे की. गॅरेजमध्ये, फळीवर. दर शनिवारी लावून बसायचे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

मेकॅनिक: गॅरेजची किल्ली कुणाकडे?

वहिनी: एकच आहे, माझ्या पर्समध्ये. पण भावजी, अजूनही रविवारी सकाळी तो चार्जर हाताला कोमट लागतो. मी म्हणायचे, उन्हानं तापला असेल.

मेकॅनिक: गॅरेजला खिडकी आहे?

वहिनी: नाही.

मेकॅनिक: (बॅटरीवर वाकून) या टर्मिनलला मेण फासलंय. मेणबत्तीचं. सगळं जग ग्रीस लावतं. मेण लावणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. त्यावरून वीस वर्षं भांडलोय मी त्याच्याशी.

वहिनी: त्यांच्या हातचं राहिलं असेल.

मेकॅनिक: आठ महिन्यांत त्यावर धूळ बसली असती, वहिनी. हे पांढरंशुभ्र आहे.

वहिनी: मला भीती वाटायला हवी ना?

मेकॅनिक: मला वाटतेय. ही वायर दहा मिनिटांचं काम आहे. जोडून टाकतो. मग गाडी आपली आपण बॅटरी भरेल, कुणी हात लावायला नको.

वहिनी: नका जोडू.

मेकॅनिक: अहो, असं कसं?

वहिनी: बॉनेट लावा. जावईबापूंना मी सांगते, गाडी विकायची नाही.

मेकॅनिक: नका विकू. पण दुरुस्त तर करू द्या. अशी किती दिवस चालवणार?

वहिनी: चालेल तितके. गाडी नीट झाली, तर त्यांना घरी यायला दुसरं काम काय उरलंय?