करवंदीच्या खिंडीतला मिस्त्री

ऐका. जवळ सरका जरा, आणि मधी कुणी बोलू नका.

हिंदुराव बोडके म्हणून एक गडी होता, पलीकडच्या वाडीचा. मनाचा वाईट नव्हता, पण चुलतभावावर लई जळायचा. तो चुलतभाऊ रंगराव, गाड्यांचा मिस्त्री. सडकेला त्याचं गॅरेज. सगळी वाडी म्हणायची, रंगाच्या हाताला गुण आहे. एवढं ऐकलं की हिंदुरावाला मिरची झोंबायची.

तर हिंदुरावानं एक जुनी चारचाकी घेतली. आठ दिवसांत मागनं आवाज सुरू. खड्डा आला की खट्! खट्!

बायको म्हणाली, "अवं, रंगाभावजींना दावा की. त्यांच्या हाताला..."

"गप! मला काय हात न्हाईत?"

दिवसभर गडी अंगणात गाडीखाली पडून. मागचे शॉकअप काढले, झिजलेली रबरं बदलली, नट आवळले. अंधार पडला तसा निघाला सासुरवाडीला, मिरवायला! सरळ सडकेनं जावं, तर वाटेत रंगाचं गॅरेज. अन् आवाज आलाच तर? रंगा ऐकल. रंगा हसल! म्हणून बाबानं गाडी घातली करवंदीच्या खिंडीत. रात्रीची! जळणारा माणूस कुठं जाईल, सांगता येतं का?

खिंडीच्या तोंडापर्यंत गाडी गप. हिंदुराव खूश. शीळ घालतोय. अन् मधल्या चढाला... खट्!

पुन्हा खट्! खट्!

त्यानं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. आता ऐका हं. गाडी उभी, अन् आवाज चालूच! खट्... खट्... डिकीखालनं.

"दादा, रबर उलटं बसवलंस का रं?"

मागं बघतो तर हातबॅटरीचा उजेड, अन् उजेडात रंगा! हसतोय.

भ्यायला पाहिजे होतं की नाही? रानात, अशा वेळी, रंगा आला कुठनं? पण नाही. ह्याच्या पोटात आगच पेटली. आला लेकाचा, माझी फजिती बघायला!

"वहिनी म्हणत हुत्या," रंगा म्हणाला, "तुझ्यानं व्हायचं न्हाई."

झालं! "सरक बाजूला. माझी गाडी मीच करीन!" चाकाला दगड लावला, जॅक चढवला, अन् हिंदुराव शिरला गाडीखाली.

"अजून आत, दादा."

शिरला.

"अजून जरा आत."

छाती गाडीखाली गेली. पाना मागायला त्यानं मान वळवली. आवाज चाकाजवळनं. उजेड चाकाजवळ. अन् तिथं पाय? पायच नाहीत! नुसती माती! अन् जॅकचा दांडा... कुणाचा हात नाही त्याला... आपला आपण फिरतोय. गाडी खाली येतेय. बोटभर. अजून बोटभर.

"आई गं!" हिंदुराव लोळला. सदरा अडकला. ओढला, फाटला, निघाला! तेवढ्यात धाडकन गाडी खाली!

मग जो पळाला! काटे बघितले नाहीत, दगड बघितले नाहीत. मागनं हाक येतेय, "दादाऽऽ, काम अर्धं टाकून चाललास?"

सडकेला आला तवा एकच दिवा. रंगाचं गॅरेज. रंगा भाकरी खात बसलेला.

"दादा? उघडाच? काय झालं?"

"तू... आत्ता खिंडीत..."

"मी? सांजपास्नं हितंच हाय की!"

हिंदुराव टायरावर बसला. तांब्याभर पाणी प्याला. अन् जे वीस वर्षांत तोंडातनं निघालं नव्हतं, ते बोलला. "रंगा, उद्या माझी गाडी बघ बाबा. मला न्हाई जमलं."

दिवसाउजेडी चार माणसांनी जाऊन गाडी आणली. एक नट सैल राहिला होता, बस. पण रंगानं सगळ्यांदेखत सांगितलं, "दादानं काम ब्येस केलंय." खरं सांगू? त्या चांगुलपणावरसुद्धा हिंदुराव थोडा जळलाच. माणूस आहे, एका रात्रीत कुठं सुधारतो!

पण खिंडीत पुन्हा पाऊल टाकलं नाही त्यानं. तुम्हीही टाकू नका. सडक लांब पडली तर पडू दे. कुणावर राग असो, कुणाचं तोंड बघायचं नसो, तरी सडकेनंच जा. त्या वाटेनं जाऊ नका. अजिबात जाऊ नका.