उजवीकडून वाचायची शिवकन्या

आसराबाई : त्या साहेबानं माही पोरगी जित्ती गाडली. लिही हे तुह्या चित्राच्या वर. मोठ्या अक्षरात लिही. खुर्चीवर बसून, डोक्यावर पंखा लावून गाडली म्हणावं.

प्रांजली : मावशी, हळू. बाहेर लोक हायेत.

आसराबाई : असू दे की. फाट्यावर टवाळ पोरं पोरींची वाट अडवून राह्यली होती, तव्हा शाळेतल्या साहेबाला काही ऐकू गेलं न्हाई. शिवकन्येनं एकाचं नाक फोडलं, त्याचा आवाज मातर बराबर गेला! पोरगी गुंड हाये म्हणे. दाखला हातात दिला अन् वरून म्हणतो, चहा घेऊन जा.

प्रांजली : म्हणून तर हे काढलं. वर्षभर फोनवर बघून बघून शिकले. जपानी पद्धतीची चित्रगोष्ट हाये, मंगा म्हणतात. पुण्याचे एक जण छापायला तयार हायेत. फक्त तुमचं हो पाहिजे. हे पान बघा.

आसराबाई : अगं बाई! डोळे केवढाले, बशीएवढे.

प्रांजली : त्यांच्यात तसेच काढतात.

आसराबाई : अन् केस मोकळे सोडून कोण मारामारी करतं? मेंढरांत वाढलेली पोर ती, वेणी आवळून बांधायची.

प्रांजली : पण डाव खरा घेतलाय. ती मागं सरते, पोरं हसतात, भ्याली म्हणतात...

आसराबाई : अन् मंग टाळकं हाणती! एडक्याचा डाव तो. माह्या सासऱ्यानं शिकवला, म्हस्कूबाबानं. एडका मागं सरला की शहाण्यानं बाजूला व्हावं. दे इकडं, सगळंच पाहू दे.

प्रांजली : मावशी, उलटं चाळून राह्यल्या तुम्ही. ही उजवीकडून वाचायची. तुम्ही शेवटून सुरू केलं.

आसराबाई : मला कुठं अक्षर येतं? मला माह्या बाजूनं पाहू दे. ही जुन्या जालन्यातली, मामाच्या वळखीच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालून राह्यली. मंग ही यष्टी. मंग साहेबापुढं हात जोडून उभी. मंग फाटा. तिथली हाणामारी. अन् मंग... मेंढरांत.

(आसराबाई त्या पानावर हात ठेवते.)

प्रांजली : मावशी?

आसराबाई : ह्या बाजूनं पोरगी घरी येती गं.

प्रांजली : तशी न्हाई ती गोष्ट.

आसराबाई : म्हाईत हाये मला. हात मीच जोडायला लावल्ते. म्हणलं, माग माफी, चार लोक काय म्हणतील. तिनं माह्याकडं पाह्यलं. साहेबाकडं न्हाई, माह्याकडं. अन् दुसऱ्या दिवशी भावाकडं धाडली तीबी मीच.

प्रांजली : तुमचा काय इलाज होता?

आसराबाई : माही चूक माह्यापाशी राहू दे. तुहं सांग. ह्यात शिवकन्या कुणासाठी हाणती? त्या पोट्ट्यानं ओढणी कुणाची धरल्ती? ती पोरगी एकाबी पानावर दिसली न्हाई मला.

(प्रांजली पानं गोळा करू लागते.)

आसराबाई : साहेबानं इचारलं तव्हाबी तू तोंडात गुळणी धरल्ती.

प्रांजली : बाबा मागं उभे होते, मावशी. म्हणले, तुझं नाव निघालं तर तुझीबी शाळा बंद.

आसराबाई : म्हणून तर आजवर एक शिवी दिली न्हाई तुला. पर आता पुण्याच्या लोकांला दाखवाया निघाली. ज्याला सांगाया पाहिजे त्यो साहेब तर हितं शाळेत बसलाय, आपल्याच गावच्या रस्त्याला.

प्रांजली : छापू नको का मग?

आसराबाई : छाप. शंभरदा छाप. पर उद्या मी जालन्याला जाऊन पोरगी आणते. परवा तिला घेऊन साहेबाच्या दारात जाते. आता माफी बिलकुल न्हाई, वर्गात बसू दे म्हणते. तिथं तू म्हणाया पाहिजे, ओढणी माही होती म्हणून. मान खाली घालू नको, प्रांजले. येती का?